युनिटेकचा शेअर घ्यावा का? बिल्डरकडे हिशेब लिहिलेल्या बाईचं मत

युनिटेक या डबघाईला आलेल्या बिल्डर कंपनीच्या शेअरचं रेटिंग आधीच सांगून टाकते: पाचपैकी अर्धा तारा. तो अर्धाही एवढ्यासाठीच की शेअर अजून एक्स्चेंजवर आहे आणि घेतला तर बहुतेक दिवशी विकता येतो. याच दुखण्यातल्या काही कंपन्यांच्या शेअरवाल्यांच्या नशिबात तेवढंही नव्हतं. त्यांच्याकडे पुढे येतेच.

विषय निघाला भाच्यामुळे. पगारातून त्याचे चार पैसे सुटायला लागलेत आणि ऑफिसातल्या कुणीतरी टिप दिली. मेसेज असा: "मावशी, युनिटेक बघ ना. पाचशेच्या वर होता, आता वडापावपेक्षा स्वस्त. हजार घेऊन ठेवू? गेले तर किती जाणार, दहा-एक हजार!" मी ठाण्यात एका बिल्डरकडे अकाउंट्समध्ये सगळी नोकरी काढली, त्यामुळे सिमेंटच्या भावापासून स्टॅम्प ड्युटीपर्यंत घरातले सगळे प्रश्न माझ्याकडेच येतात. त्याला एका शब्दात 'नको' म्हणता आलं असतं. पण नुसतं 'नको' म्हटलं की ही पोरं यूट्यूबवर जाऊन 'हो' शोधून आणतात. म्हणून चष्मा लावून वार्षिक अहवाल उघडला.

पहिल्यांदा त्या वडापावचा हिशेब. युनिटेकचे एकूण शेअर आहेत २६१ कोटींच्या वर. भाव दहा रुपये धरला तर बाजार या कंपनीला २,६०० कोटींहून जास्त किंमत देतोय. पाच धरला तर तेराशे कोटी. आपल्या हातात एकच शेअर येतो म्हणून तो स्वस्त वाटतो. किंमत मात्र अख्ख्या कंपनीची लावलेली असते. दर्शनी (शेअरवर छापलेली) किंमत २ रुपये, म्हणजे भागभांडवल सगळं मिळून सव्वापाचशे कोटींच्या आत-बाहेर. साठलेला तोटा त्याच्या कितीतरी पट आहे. आणि प्रवर्तकांचा स्वतःचा हिस्सा उरलाय पाच टक्क्यांच्या आसपास. बाकीचा सगळा माल लोकांकडे, म्हणजे माझ्या भाच्यासारख्या लाखो जणांकडे. भाव एक-दोन रुपयांवर पडून होता, मग दोन आकड्यांत जाऊन आला. त्यात कंपनीने काय कमावलं याच्याशी फारसा संबंध नव्हता. सुनावणीची तारीख आली की तो हलतो.

कंपनी जुनी आहे, १९७१ ची, दिल्लीची. मातीपरीक्षणाच्या सल्लागारीतून सुरू झालेली आणि नंतर गुडगाव-नोएडात टॉवर उभारत देशातली दुसऱ्या नंबरची बिल्डर म्हणून गाजलेली. २००८ च्या जानेवारीत शेअर पाचशेच्या वर होता आणि त्याच महिन्यात कंपनीला देशभराचे टेलिकॉम परवाने मिळाले, सुमारे साडेसोळाशे कोटींत. घरं बांधणाऱ्याने मोबाइल कंपनी का काढावी, असं तेव्हा कुणाला विचारावंसं वाटलं नाही. नॉर्वेच्या टेलेनॉरने सहा हजार कोटींच्या वर घालून तिच्यात ६७ टक्के हिस्सा घेतला, तेच युनिनॉर. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, त्यात हेही गेले. या परवान्यांच्या वाटपावरून चाललेल्या टूजीच्या खटल्यातून डिसेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले, हेही सांगायला हवं. पण तोवर प्रवर्तक संजय आणि अजय चंद्रा वेगळ्याच प्रकरणात आत होते, घर घेणाऱ्यांची फसवणूक केल्याच्या आरोपावरून. तिहारमध्ये बसून ते कारभार चालवतात असं ईडीने सांगितल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्टाने दोघांना आपल्या आर्थर रोडला आणि तळोजाला हलवायचा हुकूम काढला.

त्याआधी, जानेवारी २०२० मध्ये, कोर्टाने कंपनीचा कारभार केंद्र सरकारच्या हाती द्यायला मंजुरी दिली. निवृत्त सनदी अधिकारी युद्धवीर सिंह मलिक यांच्या हाताखाली नवं संचालक मंडळ आलं. भाच्याच्या टिपवाल्याचा सगळा जोर यावरच: "आता सरकारचे लोक आहेत, कंपनी बुडत नाही." कंपनी बुडत नाही हे कदाचित खरं असेल. पण नवं मंडळ कुणासाठी आणलंय, हे त्याने वाचलेलं नाही. अडकलेली घरं बांधून ती ज्यांची त्यांना द्या, एवढ्यासाठी आणलंय. शेअरचा भाव वर नेणं हे त्या मंडळाच्या कामातच बसत नाही.

आता वार्षिक अहवाल. लोक अध्यक्षांचं पत्र वाचतात आणि आकड्यांची पानं पलटवतात. मी उलटी जाते: आधी ऑडिटरचा अहवाल, त्यातही पहिलं पान. ऑडिटरचं मत चार प्रकारचं असतं. हिशेब ठीक आहेत. ठीक आहेत, पण अमुक-तमुक सोडून. ठीक नाहीत. आणि चौथा प्रकार, डिस्क्लेमर: आम्हाला पुरेसा पुरावाच मिळाला नाही, म्हणून आम्ही मत देत नाही. युनिटेकच्या अहवालात या चौथ्या प्रकारचं मत वर्षानुवर्षं येतंय. त्याखाली कारणांची लांबलचक यादी: इथल्या जमिनीचे कागद, तिथल्या अॅडव्हान्सची खातरजमा, अमक्या प्राधिकरणाची मागणी, उपकंपन्यांचे न मिळालेले हिशेब.

आमच्या ऑफिसात मार्च संपला की ऑडिटरची पोरं यायची, कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची, दिवसाला सहा चहा प्यायची आणि एकेका व्हाउचरसाठी माझा जीव खायची. साइटवरच्या मुकादमाने सही विसरली तरी क्वेरी. नाराजीचं मत देताना त्यांचे साहेब चार वेळा आमच्या शेठना फोन करायचे, कारण असं मत दिलं की बँक हात आखडते. हे पाहिलेलं असल्यामुळे मला माहीत आहे, 'मत देत नाही' असं लिहिण्याआधी ऑडिटर किती पाण्यात उतरलेला असतो. जमिनींची किंमत, देणी, येणी, यातलं काहीच तपासून घेता येत नसेल तर २६१ कोटी शेअरांनी भागायचं तरी कशाला? यूट्यूबवर सांगतात, "लँड बँकच, म्हणजे ताब्यातल्या जमिनीच, अमुक हजार कोटींची आहे." असेलही. माणसाला वाटतं सातबारा म्हणजे पैसे. बिल्डरच्या जमिनीवर गहाणखत असतं, विकास कराराचा पार्टनर असतो, प्राधिकरणाची थकबाकी असते, आणि कधीकधी तीच जमीन दाखवून दोन ठिकाणी पैसे उचललेले असतात. नोएडा प्राधिकरणाची युनिटेककडची मागणीच हजारो कोटींची आहे.

पैसे गेले कुठे, याचं बरंचसं उत्तर कोर्टाने ग्रँट थॉर्नटनकडून करून घेतलेल्या फोरेन्सिक ऑडिटमधून बाहेर आलं. सुमारे २९,८०० घरखरेदीदारांकडून सुमारे १४,२७० कोटी रुपये, बहुतेक २००६ ते २०१४ या काळात. म्हणजे सरासरी घरटी ४८ लाखांच्या आसपास. प्रकल्प ७४. आणि त्यातले पाच हजार कोटींच्या वर रुपये बांधकामात घातल्याचं दिसलंच नाही.

हे कसं होतं ते सांगते, कारण छोट्या प्रमाणात मी ते टेबलाच्या अलीकडून पाहिलंय. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा रेरा कायदा यायच्या आधी आपल्याकडे फ्लॅटविक्रीसाठी मोफा कायदा होता, १९६३ चा. त्यातही ग्राहकाच्या पैशाचं वेगळं खातं ठेवायला सांगितलं होतं. कागदावर. प्रत्यक्षात कासारवडवलीच्या इमारतीचे पैसे यायचे आणि त्याच दुपारी भिवंडीकडच्या जमिनीच्या बयाण्याला जायचे, कारण "जागा हातची गेली तर परत मिळणार नाही". मग कासारवडवलीच्या सिमेंटसाठी तिसऱ्याच प्रकल्पाचं बुकिंग उघडायचं. भाव चढते असतात तोवर हे चक्र झकास फिरतं आणि शेठ द्रष्टे ठरतात. विक्री थांबली की पहिला अडकतो तो ठेकेदार. त्याचं आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल, टेबलावर पडून राहतं, "पुढच्या आठवड्यात बघू" सुरू होतं. तो माणसं कमी करतो. मग सळईवाला उधारी बंद करतो, रोख मागतो. आणि मग एके दिवशी मार्केटिंगचा साहेब येऊन सांगतो की नवव्या स्लॅबची डिमांड लेटरं आजच काढा, जेव्हा साइटवर आठव्याचं सेंट्रिंगही उतरलेलं नसतं. क्रेन उभीच असते. लांबून, घोडबंदर रोडवरून जाताना, काम चालू आहे असंच वाटतं. महारेरा १ मे २०१७ ला आलं, ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्याच खात्यात ठेवायची सक्ती झाली, आणि आमच्या शेठना पहिल्यांदा माझ्या हिशेबाची भीती वाटली. युनिटेकचा घोळ या सगळ्याच्या आधीचा, म्हणून तो इतका खोल.

पण भाच्याला पटवायला यापेक्षा सोपी गोष्ट आहे, रांगेची. कंपनीची विल्हेवाट लागली की पैसे कुणाला आधी, याचा क्रम दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ मध्ये आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेले कर्जदाते आणि कामगारांची देणी, मग इतर कर्मचारी, मग बिनतारण कर्जवाले, मग सरकारी देणी, उरलीसुरली देणी, प्रेफरन्स शेअरवाले, आणि सगळ्यात शेवटी साधा शेअर. २०१८ मध्ये कायदा बदलून घर घेणाऱ्यांनाही वित्तीय धनको, म्हणजे बँकांसारखे कर्जदाते, मानलं. फार चांगलं झालं, शेअरवाला मात्र रांगेत शेवटचा तो शेवटचाच राहिला. युनिटेकचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आहे, नेहमीच्या दिवाळखोरीच्या वाटेने गेलेलं नाही. तरी ४८-४८ लाख देऊन दहा-पंधरा वर्षं भाड्याच्या घरात राहिलेल्या माणसाच्या पुढे शेअरवाल्याला कोणतं कोर्ट उभं करेल?

शेवटी उभं राहणं म्हणजे काय, ते डीएचएफएलमध्ये दिसलं. ती गृहकर्ज देणारी कंपनी, बिल्डर नव्हे, पण दुखणं त्याच घराण्यातलं. जून २०२१ मध्ये मुंबईच्या एनसीएलटीने, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणाने, पिरामल समूहाचा कंपनी ताब्यात घ्यायचा प्रस्ताव मंजूर केला. त्यात जुन्या शेअरची किंमत शून्य होती. हे गुपित नव्हतं, तरी शेअर शेवटच्या दिवसापर्यंत पंधरा रुपयांच्या वर विकला जात होता, लोक घेत होते. मग व्यवहार थांबले, शेअर एक्स्चेंजवरून उतरवला गेला आणि डीमॅटमध्ये नुसती ओळ उरली. "पिरामल आलाय म्हणजे भाव वाढणार" असं त्यांनाही कुणीतरी सांगितलं असणार. चांगला मालक आला तरी जुन्या शेअरला जागा मिळेलच असं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

एचडीआयएल या मुंबईच्या बिल्डरचं फार लिहीत नाही, मुंबईकरांना पाठ आहे. २००७ मध्ये ५०० रुपयांना इश्यू (लोकांना पहिली शेअरविक्री), सहा महिन्यांत हजाराच्या वर भाव, विमानतळाच्या झोपडपट्टीचं पुनर्वसन, त्यावर मिळणारा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता-विकता येणारा बांधकामाचा हक्क. ऑगस्ट २०१९ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया आणि पुढच्याच महिन्यात तिला भरमसाट कर्ज देऊन बसलेल्या पीएमसी बँकेवर निर्बंध, खात्यातून फक्त हजार रुपये काढायची मुभा. त्या शेअरबद्दलही मला अजून विचारणारे भेटतात. स्वस्तात दिसतो म्हणून.

मग अडचणीतल्या बिल्डरचा शेअर कधीच घेऊ नये का? तसं मी म्हणत नाही. डीएलएफ ही दुसरी मोठी बिल्डर कंपनी बघा. जून २००७ मध्ये ५२५ रुपयांना इश्यू, १७.५ कोटी शेअर, ९,१८७ कोटी गोळा केले. जानेवारी २००८ मध्ये बाराशेच्या घरात. मग आपटला. कर्जाचा डोंगर, ऑक्टोबर २०१४ मध्ये सेबीची तीन वर्षांची बंदी (एका दिवसात शेअर पंचवीस टक्क्यांहून जास्त पडला, बंदी पुढे सॅट या अपील न्यायाधिकरणाने उठवली), आणि २०१६ च्या सुरुवातीला भाव शंभराच्या खाली. तेव्हा ही कंपनीही 'गेलेली' म्हणूनच धरली होती.

फरक कुठे होता? लोअर परळला. मुंबई टेक्स्टाइल मिलची १७ एकर जागा डीएलएफने २००५ मध्ये एनटीसी या सरकारी कापड महामंडळाकडून ७०२ कोटींना घेतली होती. तिथे टॉवर बांधायचं स्वप्न असणारच, पण कर्ज डोक्यावर आल्यावर २०१२ मध्ये ती लोढांना २,७२७ कोटींना विकून टाकली. परदेशातली अमन रिसॉर्ट्स विकली. पवनचक्क्या विकल्या. पुढे २०१७ मध्ये भाड्याच्या ऑफिसांच्या कंपनीतला एक तृतीयांश हिस्सा सिंगापूरच्या सरकारी गुंतवणूक संस्थेला, जीआयसीला, विकला, आणि प्रवर्तकांनी त्या पैशाचा मोठा वाटा पुन्हा डीएलएफमध्येच घातला. माझ्या दृष्टीने तपासायच्या गोष्टी एवढ्याच. विकण्यासारखी, कागद स्वच्छ असलेली मालमत्ता आहे का. ती विकायची मालकाची तयारी आहे का (बिल्डरला जमीन विकायला सांगणं म्हणजे त्याचं नाक कापणं, हे मी स्वतः पाहिलंय). महिन्याला भाडं येतंय का. आणि मालक स्वतःचे पैसे आत घालतोय की बाहेर काढतोय. २०१६ च्या डीएलएफला चारही ठिकाणी बरं उत्तर देता येत होतं. युनिटेकमध्ये मालकच उरलेला नाही, आणि विकून जे येईल ते कोर्टाच्या नजरेखाली घरांच्या बांधकामाकडे जाणार.

तरीही डीएलएफवाल्यांनी फार फुशारकी मारू नये. ज्यांनी इश्यूत ५२५ ला घेऊन तसाच ठेवला, त्यांना तो भाव नीट परत दिसायला २०२३ उजाडलं. तेच ५२५ वर्षाला आठ टक्क्यांनी सोळा वर्षं ठेवले असते तर अठराशेच्या आसपास झाले असते. म्हणजे वाचलेल्या बिल्डरची ही गत.

युनिटेकच्या बाजूने बोलायचं तर एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडते. नव्या मंडळाने रखडलेल्या जागांवर पुन्हा ठेकेदार नेमून कामं सुरू केली आहेत, आणि न विकलेली घरं, मोकळे भूखंड आजच्या गुडगावच्या भावाने विकले तर मोठी रक्कम उभी राहू शकते. तिथले भाव गेल्या काही वर्षांत तुफान चढलेत, हे खोटं नाही. सगळ्यांना घरं देऊन, बँका-प्राधिकरणं-ठेवीदार मिटवून काही उरलं, तर ते शेअरवाल्याचं. त्या 'उरलं तर'साठी अख्ख्या कंपनीची वर काढली तशी किंमत मोजायची, तेही ऑडिटर मत द्यायला तयार नसताना, हे मला महाग वाटतं. शिवाय अशी कंपनी पुन्हा उभी करताना नवं भांडवल लागलं तर नवे शेअर निघतात आणि जुन्याचा वाटा आक्रसतो. जुगारच खेळायचा तर भाव एक-दीड रुपया होता तेव्हा तरी त्यात काही दम होता.

आणि सर्किटचं, म्हणजे भाव एका दिवसात किती वर-खाली जाऊ शकतो त्या मर्यादेचं, विसरू नका. अशा शेअरांना सर्किट सहसा लहान असतं. वाईट बातमी आली की सकाळी सव्वानऊला खालचं सर्किट लागतं आणि घेणारा कुणी नसतो. भाच्याला 'दहा हजारच जातील' हे सोपं वाटतंय, पण त्यापेक्षा दोन हजारांवर आल्यावर 'आता सरासरी करतो' म्हणून तो आणखी किती घालेल, याची मला जास्त काळजी. त्याला लिहिलं: घेऊ नकोस, आणि हात शिवशिवतच असतील तर एकदाच घे, परत त्याच्यात पैसा घालायचा नाही. त्याचं उत्तर आलं, अंगठा. घेतले की नाही, देव जाणे.

ज्यांच्याकडे २००८ पासून पडून आहेत त्यांना मात्र वेगळं सांगते, कारण आमच्या जुन्या ऑफिसातच असे दोघे आहेत. 'कधीतरी येतील' म्हणून ठेवण्यापेक्षा, दुसऱ्या शेअरमध्ये किंवा म्युच्युअल फंडात नफा काढायचा असेल त्याच वर्षी हे विका. मूळ खरेदी किमतीवरचा दीर्घकालीन तोटा दीर्घकालीन नफ्यातून वजा करता येतो, उरला तर पुढची आठ वर्षं ओढता येतो. अट एकच, रिटर्न मुदतीत भरायचं. जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट (शेअर खरेदीचा ब्रोकरचा कागद) सापडत नसेल तर ब्रोकरकडे आत्ताच मागा. जुलैत मागायला गेलात तर तो फोन उचलणार नाही.